रास्पबेरी पायवर लिनक्स: पहिल्यांदाच बोर्ड हातात घेणाऱ्यांसाठी

रास्पबेरी पायचा बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवर बसवलेला छोटा संगणक, आणला, कार्ड घातलं, चार्जर लावला आणि पडद्यावर काहीच आलं नाही, की माणूस पहिला संशय लिनक्सवर, म्हणजे त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर घेतो. बहुतेक वेळा लिनक्सचा त्यात काही हात नसतो. चार्जर फोनचा असतो, नाहीतर कार्ड खोट्या क्षमतेचं असतं, नाहीतर समोर उघडलेल्या सूचना पाच वर्षं जुन्या असतात. म्हणून या लेखात आज्ञा कमी आणि या तीन गोष्टी जास्त आहेत.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागांसकट टाइप करायच्या.

बोर्ड कोणता घ्यावा

पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. केंब्रिजच्या मंडळींनी तो मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून बनवला होता; पुढे तो कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि घरच्या कपाटांमागे जाऊन बसला. आज नवख्या माणसाने तीन बोर्डांचा विचार करावा. झीरो २ डब्ल्यू स्वस्त आणि चिमुकला आहे, पण त्यात रॅम फक्त ५१२ एमबी. एखादं छोटं काम चोवीस तास करायला ठीक. पाय ४ घरगुती सर्व्हरसाठी अजूनही उत्तम, २ जीबीचाही पुरतो. पाय ५ बराच वेगवान आहे आणि डेस्कटॉप म्हणून वापरायचा असेल तर तोच घ्या. मात्र त्याला पंखा किंवा हीटसिंक आणि मोठा अडॅप्टर लागतो, तो खर्च आधीच धरा. मला विचाराल तर पहिला बोर्ड म्हणून पाय ४.

‘पिको’ नावाचा एक स्वस्त बोर्ड दिसेल. तो मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे एखादं ठरलेलं काम करणारी छोटी चिप, त्यावर हे लिनक्स चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत नुसतं ‘पाय द्या’ म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही, मॉडेलचं पूर्ण नाव सांगा.

ऑरेंज पाय, रॅडक्सा वगैरे बोर्ड त्याच पैशांत जास्त ताकद देतात हे खरं. पण तिथे अनेकदा कंपनीने स्वतः डागडुजी केलेला जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वापरावा लागतो, आणि कंपनीने लक्ष काढून घेतलं की तुम्ही तिथेच अडकता. आर्मबियन हा प्रकल्प अशा पुष्कळ बोर्डांना सांभाळून घेतो, तरी पहिल्याच वेळी त्या वाटेला जाऊ नका.

आर्म म्हणजे नेमकं काय वेगळं

आर्म हा या बोर्डांतल्या प्रोसेसरचा प्रकार; पीसीतला प्रकार वेगळा. नेहमीच्या पीसीत बायोस किंवा यूईएफआय, म्हणजे यंत्र सुरू करणारा पहिला प्रोग्राम, असतं. ते लिनक्सला सांगतं की इथे अमुक डिस्क आहे, तमुक कार्ड आहे. म्हणून उबुंटूचा एकच पेनड्राइव्ह कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. बहुतेक आर्म बोर्डांवर अशी चौकशीची सोय नसते. कुठला भाग कोणत्या पत्त्यावर बसवला आहे याची यादी आधीच लिहून ठेवावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि ती प्रत्येक बोर्डाची निराळी असते. त्यामुळे पीसीवर लिनक्स बसवायची आयएसओ फाइल इथे चालत नाही आणि ऑरेंज पायची इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी लिहायची फाइल, रास्पबेरी पायवर चालत नाही.

सॉफ्टवेअरचंही तेच. डाउनलोडच्या पानावर ‘एएमडी६४’ लिहिलेलं असेल तर ते पीसीसाठी आहे, मग त्या पीसीत इंटेलचा प्रोसेसर का असेना. तुम्हाला ‘आर्म६४’ हवं. काही जण त्यालाच ‘एआर्च६४’ म्हणतात. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या भांडारातली जवळजवळ सगळी पॅकेजं आर्म६४मध्ये मिळतात, तेव्हा घरगुती कामांत अडत नाही. अडतं ते कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरशी. प्रिंटरचा ड्रायव्हर हे त्याचं ठरलेलं उदाहरण. अमुक प्रोग्रामसाठीच बोर्ड घेत असाल, तर तो आर्मवर मिळतो का हे पैसे देण्याआधी बघा.

वीज

पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. ‘माझा फोनचा चार्जर ६५ वॉटचा आहे, तो नाही का पुरणार?’ हा प्रश्न हटकून येतो. फोनचे जलद चार्जर एवढे वॉट देतात ते व्होल्टेज वाढवून, नाहीतर स्वतःच्याच फोनशी संधान बांधून. पाय मात्र ५ व्होल्टच मागतो, आणि ५ व्होल्टवर त्यातले बरेच चार्जर दोन-तीन अँपिअरच्या पुढे जात नाहीत.

दुसरी चोरी केबल करते. अधिकृत अडॅप्टर ५ऐवजी ५.१ व्होल्ट देतो, ते उगाच नाही. हिशेब करून बघा: बारीक तारेच्या केबलचा येण्या-जाण्याचा रोध ०.२ ओहम असेल आणि बोर्ड २.५ अँपिअर ओढत असेल, तर केबलमध्येच ०.५ व्होल्ट जातात. बोर्डापाशी उरले ४.६. पायची धोक्याची रेषा साधारण ४.६३ व्होल्टला आहे. त्याखाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं, प्रोसेसर वेग कमी करतो आणि यूएसबीला जोडलेली डिस्क मधूनच गायब होते. पडदाच जोडलेला नसेल तर यातलं काही दिसत नाही, ‘लिनक्स अडखळतंय’ एवढंच वाटतं. अधिकृत अडॅप्टरची केबल त्यालाच जोडलेली असते. तोच घ्या, इथे काटकसर नको.

पाय ५ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तरी तो सुरू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. माउस-कीबोर्डला ते पुरतात, पोर्टेबल हार्डडिस्कला नाहीत.

कार्ड

३२ जीबीचं, ‘ए१’ किंवा ‘ए२’ छापलेलं मायक्रोएसडी कार्ड घ्या. हा शिक्का बारीक-बारीक फाइली भराभर लिहिण्या-वाचण्याचा आहे आणि लिनक्सचं काम तसंच चालतं. कॅमेऱ्याच्या कार्डांवरचे ‘व्ही३०’ वगैरे आकडे सलग व्हिडिओसाठी असतात, इथे त्यांचा फारसा उपयोग नाही.

नकली कार्ड ही खरी डोकेदुखी आहे. आत ८ जीबीची चिप आणि बाहेर ‘मी १२८ जीबीचं’ असं सांगणारं कार्ड पहिले काही दिवस उत्तम चालतं. आठ जीबी भरले की पुढचं लिखाण जुन्यावर तरी होतं, नाहीतर हरवतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही साधनं अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतात. तासभर जातो, जाऊ द्या.

कार्डावर लिनक्स लिहिणं

१. तुमच्या नेहमीच्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा मोफत प्रोग्राम बसवा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो.

२. त्यात आधी तुमचा बोर्ड निवडा, मग ऑपरेटिंग सिस्टिम. पडदा जोडणार असाल तर नेहमीची ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस. बोर्ड कोपऱ्यात ठेवून लांबून वापरणार असाल तर ‘लाइट’ ही डेस्कटॉप नसलेली आवृत्ती, तीही ६४ बिट. रास्पबेरी पाय ओएस म्हणजे मुळात डेबियनच. ऑक्टोबर २०२५पासून ती डेबियन १३वर, म्हणजे ट्रिक्सीवर आधारलेली आहे. पुढच्या पायऱ्या मी लाइट धरून सांगतोय.

३. कार्ड निवडताना आकार दोनदा बघा. इथे चुकून बाहेरची हार्डडिस्क निवडली तर तिच्यावरचं सगळं जाईल.

४. सेटिंग्ज भरण्याचा टप्पा येईल. तो ओलांडून जायचा मोह होतो, पण अर्धं काम इथेच होतं. बोर्डाला नाव द्या. मी ‘वाडा’ धरतो. वापरकर्ता आणि पासवर्ड द्या. मी ‘तात्या’ धरतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा, देश भारत निवडा. देश न निवडल्यास वायफाय बंदच राहू शकतं, कारण कोणत्या लहरी वापरायला परवानगी आहे हे देशावर ठरतं. वेळ एशिया/कोलकाता. एसएसएच चालू करा, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरता येईल.

कीबोर्डाचा लेआउट ‘यूएस’ ठेवा. मूळ निवड बऱ्याचदा ब्रिटिश लेआउटची असते, आणि त्यात ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल असते. आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचे. पासवर्डात ॲटचं चिन्ह असेल, तर बोर्डाला थेट कीबोर्ड जोडून तो कितीही काळजीपूर्वक टाइप केला तरी चुकीचाच ठरतो, आणि टाइप केलेलं दिसत नसल्यामुळे कारण कळत नाही.

५. लिहा आणि पडताळणी पूर्ण होऊ द्या. त्यानंतर विंडोज ‘हे कार्ड फॉरमॅट करू का?’ विचारेल. नाही म्हणा. त्याला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्यांदा सुरू करताना

आधी कार्ड, मग पडदा असेल तर तो, वीज सगळ्यात शेवटी. पाय ४ आणि ५ला दोन मायक्रो एचडीएमआय खाचा असतात; पडदा एकच असेल तर विजेच्या खाचेला लागून असलेली वापरा.

पाय ४वर लाल दिवा म्हणजे वीज, हिरवा म्हणजे कार्डाची हालचाल. हिरवा अनियमित लुकलुकत असेल तर सगळं ठीक चाललंय. पहिल्या खेपेला लिनक्स स्वतःचा भाग कार्डभर पसरवतं आणि पुन्हा सुरू होतं, दोन-तीन मिनिटं हात लावू नका. नुसता लाल पेटला आणि हिरवा हललाच नाही, तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा नीट लिहिलं गेलं नाही. हिरवा मोजून मापून, ठरावीक वेळा, थांबून थांबून लुकलुकला तर ती खूण असते: चार वेळा म्हणजे सुरुवातीची फाइल सापडली नाही, सात वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन्हींवर पहिला उपाय कार्ड पुन्हा लिहिणं.

आता संगणकावर टर्मिनल उघडा. विंडोज १० आणि ११मध्ये पॉवरशेल चालेल.

एसएसएच तात्या@वाडा.लोकल

पहिल्यांदा ‘या यंत्रावर विश्वास ठेवू का’ असं विचारलं जाईल, ‘येस’ असं पूर्ण लिहा. मग पासवर्ड. टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत; कीबोर्ड बिघडलेला नाही, लिनक्सची ती रीतच आहे. वाडा.लोकल सापडला नाही तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, तिथला आयपी पत्ता (बोर्डाचा नेटवर्कवरचा क्रमांक) घ्या आणि नावाऐवजी तो वापरा. यादीत बोर्डच नसेल तर वायफायचा पासवर्ड चुकला असावा. झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, ५ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या नावाला तो जोडला जाणार नाही.

कधी कार्ड नव्याने लिहिलंत तर एसएसएच मोठमोठ्या अक्षरांत ओरडेल की समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे. घाबरू नका, नवं लिनक्स म्हणजे नवी ओळख. जुनी नोंद ‘एसएसएच-कीजेन -आर वाडा.लोकल’ने काढता येते. यातला आर मोठ्या लिपीतला.

आत गेल्यावर

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

पहिली आज्ञा भांडारातली ताजी यादी आणते, दुसरी नवं ते बसवते. ‘सुडो’ म्हणजे तेवढ्यापुरता मालकाचा अधिकार. तो प्रत्येक आज्ञेपुढे लावायची सवय लावून घेऊ नका. तुमच्या घरच्या फोल्डरातल्या कामांना त्याची गरज नसते.

मग ‘युनेम -एम’. उत्तरात एआर्च६४ आलं पाहिजे. ‘फ्री -एच’ने रॅम दिसते, ‘डीएफ -एच’ने कार्डावरची जागा. आणि माझी सगळ्यात आवडती आज्ञा:

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

उत्तर ‘०एक्स०’ आलं तर वीज चोख आहे. ‘०एक्स५००००’ म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती आणि वेग कापला गेला होता. शेवटीही ५ असेल, म्हणजे ‘०एक्स५०००५’, तर या क्षणीही कमी पडतेय. मदत मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी हीच आज्ञा द्यायला लावतो. तापमानासाठी त्याच नावापुढे ‘मेझर_टेम्प’ लिहा. ८० अंशांच्या आसपास वेग कमी व्हायला लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या बंद कपाटात तिथवर पोचायला वेळ लागत नाही. बोर्ड मोकळ्या हवेत ठेवा.

जुन्या सूचना ओळखायच्या कशा

रास्पबेरी पायवर इतकं लिहिलं गेलंय की शोध घेतला की हमखास जुनंच वर येतं. काही खुणा सांगतो. ‘वापरकर्ता पाय, पासवर्ड रास्पबेरी’ असं लिहिलेलं असेल तर ते एप्रिल २०२२च्या आधीचं. तेव्हापासून ठरलेला वापरकर्ता काढून टाकला आहे. वायफायसाठी कार्डावर ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ नावाची फाइल ठेवायला सांगत असतील तर ते ऑक्टोबर २०२३च्या, म्हणजे बुकवर्मच्या (डेबियन १२वरच्या आवृत्तीच्या) आधीचं; आता ते काम नेटवर्कमॅनेजर करतो. कॉन्फिग.टीएक्सटी ही बोर्डाच्या सेटिंग्जची फाइल थेट ‘/बूट’मध्ये शोधायला सांगितली असेल तरी तेच, ती आता ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये असते. आणि पायथनचं काही बसवताना ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा नकार आला, तर जबरदस्तीचा पर्याय सुचवणाऱ्यांचं ऐकू नका. लिनक्स स्वतःची पायथन पॅकेजं जपतंय. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथन पॅकेजांसाठी स्वतंत्र फोल्डर, करून त्यात बसवा.

पहिलं काम: घरातल्या फोनवर दिसणारं मराठी पान

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनजिनएक्स

हा वेब सर्व्हर आहे. बसला की त्याच वायफायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये बोर्डाचा आयपी पत्ता टाका, स्वागताचं इंग्रजी पान उघडेल. आता त्या जागी आपलं ठेवू:

सुडो नॅनो /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल/इंडेक्स.एचटीएमएल

नॅनो हा साधा संपादक आहे. मजकूर लिहा, कंट्रोल आणि ओ दाबून एंटर केलं की जतन, कंट्रोल आणि एक्सने बाहेर. पानात घरचा दूरध्वनी-पत्ता असो, गॅस सिलिंडरची तारीख असो, काहीही चालेल, पण पहिल्याच ओळीत ‘मेटा चारसेट’चा टॅग लिहून त्याची किंमत यूटीएफ-८ द्या. नाही दिलात तर ब्राउझर अंदाज बांधतो, आणि ‘नमस्कार’च्या जागी उलट्या टोप्या घातलेल्या लॅटिन अक्षरांची रांग दिसते. फाइल शाबूत असते, वाचणारा चुकत असतो.

टर्मिनलमध्ये मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या सरकलेल्या दिसतील. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं, देवनागरी त्यात मावत नाही. त्यात बॅकस्पेसने दुरुस्ती करू गेलात तर वेडे व्हाल. मजकूर आधी नोटपॅडसारख्या ठिकाणी लिहा आणि इथे आणून चिकटवा. डेस्कटॉपवाली आवृत्ती घेतली असेल आणि मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज बसवा.

पत्ता दर वेळी बदलू नये म्हणून राउटरच्या पानावर या बोर्डासाठी आयपी राखून ठेवा. हे पान घराबाहेरून दिसावं असं वाटेल, पण त्यासाठी राउटरचं दार थेट इंटरनेटला उघडू नका. आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळे ते चालणारही नाही. गरज पडेल तेव्हा वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट, शिका.

वीज जाते तेव्हा

बोर्ड बंद करायची रीत ही:

सुडो पॉवरऑफ

हिरव्या दिव्याची हालचाल थांबली की मगच वायर काढा. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी कार्डच खराब होतं. गावाकडे, आणि शहरातही देखभालीच्या वारी, हे आपल्या हातात नसतं. घरात इन्व्हर्टर असेल तर बोर्ड त्याच्या लाइनवर घ्या. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस थेट पायला लावू नका, बोर्ड जळेल. पॉवरबँक एकाच वेळी भरत आणि देत असली, तरी वीज जाता-येतानाच्या क्षणी बऱ्याच पॉवरबँका पुरवठा तोडतात.

वीज परतल्यावरची एक गंमत सांगून ठेवतो. पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, वेळ तो इंटरनेटवरून विचारतो. राउटर आणि बोर्ड एकदमच सुरू झाले आणि राउटरला उशीर झाला, तर बोर्ड वीज जायच्या सुमाराची वेळ धरून बसतो. इंटरनेट आलं की वेळ आपोआप सुधारते, पण मधल्या काळातल्या नोंदींवर चुकीच्या वेळा पडतात, आणि बोर्ड पुष्कळ दिवस बंद असेल तर ‘प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही’ अशा चमत्कारिक तक्रारीही येतात. पाय ५मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

कार्डाची नक्कल

सगळं मनासारखं बसलं की त्याच दिवशी नक्कल करा. बोर्ड बंद करून कार्ड संगणकात घाला आणि विंडोजवर विन३२ डिस्क इमेजरने त्याची इमेज वाचून ठेवा. लिनक्सवर डीडी ही नक्कल करणारी आज्ञा आहेच, फक्त त्यात कुठून आणि कुठे हे उलटं लिहिलं तर कोरी डिस्क कार्डावर चढते. डेस्कटॉपवाल्या आवृत्तीत ॲक्सेसरीजमध्ये एसडी कार्ड कॉपिअर आहे. यूएसबी रीडरमध्ये दुसरं कार्ड लावून चालू बोर्डावरच नक्कल होते. इमेज त्याच आकाराच्या दुसऱ्या कार्डावर मावेलच असं नाही, कारण दोन कंपन्यांची ३२ जीबी तंतोतंत सारखी नसतात. नकलेसाठी कार्ड घेताना मूळ कार्डाच्याच कंपनीचं तेच मॉडेल घ्या, नाहीतर सरळ ६४ जीबीचं. आणि नक्कल झाल्यावर ते दुसरं कार्ड बोर्डात घालून एकदा सुरू करून बघा.